गाव कोणतं विचारलं तेव्हा

मी एक जुनी पाण्याची टाकी आहे, मित्रांनो, आणि मला माणसांचा वीट आला आहे. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू सुरुवातीला जरा गोड बोलतात, हे मला ठाऊक आहे. छत्री बोलते, चप्पल बोलते, फाटकं पुस्तक बोलतं, आणि सगळी डोळ्यांत पाणी आणून बोलतात. माझ्याकडे पाणी भरपूर आहे, पण ते डोळ्यांसाठी नाही. गेल्या उन्हाळ्यात एक कबूतर माझ्या आत पडून मेलं. माझी देखभाल करणारी ताई तेव्हा तिच्या आजारी बाबांना घेऊन इस्पितळात होती. अकरा दिवस ते कबूतर तरंगत राहिलं. खाली माणसं तेच पाणी पीत होती आणि हल्ली पाण्याला जरा वेगळी चव येते, असं एकमेकांना सांगत होती. एकानेही शिडी चढून झाकण उघडलं नाही. शी!

माझा जन्म ओतकामाच्या कारखान्यात झाला. वितळलेलं बिडाचं लोखंड साच्यांत ओतून माझे चौकोनी तुकडे काढले, प्रत्येकावर पांढऱ्या रंगाने आकडा घातला आणि मालगाडीच्या उघड्या डब्यात रचून मला दूर पाठवून दिलं. तिथे चार दगडी खांब आधीच उभे होते. एका मिस्त्रीने आठ दिवस खपून माझे तुकडे बोल्टांनी जोडले. त्यातला सात नंबरचा तुकडा त्याने उलटा बसवला. त्यामुळे कारखान्याचं नाव माझ्या पाठीवर आजतागायत खाली डोकं वर पाय करून उभं आहे. मिस्त्रीने ते पाहिलं, मान खाजवली आणि पाण्याला काय वाचता येतं, असं म्हणून तो पुढच्या बोल्टाकडे वळला. माणसांची आणि माझी पहिली ओळख ही अशी.

मला जिथे उभं केलं ती रेल्वेची साइडिंग होती. साइडिंग म्हणजे काय, ते आधी सांगते. मुख्य रुळांना बाजूला एक फाटा फुटतो, थोडं अंतर जातो आणि पुन्हा मुख्य रुळांना मिळतो. मागून जलद गाडी येत असली की हळू गाडीने त्या फाट्यावर सरकून उभं राहायचं, आणि जलद गाडी गेली की मग निघायचं. दुसऱ्याला वाट देण्यासाठी केलेली ही जागा. तिथे कुणी उतरत नसे, कुणी चढत नसे. इंजिनं तिथे नाहीतरी थांबतच होती, तेव्हा त्यांना पाणीही पाजावं, म्हणून मी.

वाफेची इंजिनं फार पाणी पीत. माझ्या अंगाला एक फिरता नळ होता, त्याच्या टोकाला कापडी सोंड. ड्रायव्हर ती सोंड इंजिनाच्या पोटात सोडायचा आणि साखळी ओढायचा. माझ्याखाली विहीर होती, विहिरीवर पंप, आणि पंपावर एक तरुण पंपवाला. तो सहा महिन्यांच्या बदलीवर आला, तो राहूनच गेला. रोज पहाटे उठून तो पंप सुरू करी, वर्षातून दोनदा माझ्या आत उतरून खरवडून मला धुई, आणि माझ्या पाणी दाखवणाऱ्या काट्याला तेल देताना माझ्याशी बोले. एकदा मोठे साहेब तपासणीला आले, पेलाभर पाणी प्यायले आणि म्हणाले की या मार्गावर इतकं गोड पाणी दुसरीकडे नाही. पंपवाला चार दिवस हवेत चालत होता. खरं सांगायचं तर मीही.

मी भरून वाहिले की जादा पाणी एका पाइपातून खाली पडे. त्या पाइपापाशी आधी रुळांवर काम करणाऱ्यांच्या बायका आल्या. मग एक चहाची टपरी आली, मग टेलर, मग पिठाची गिरणी. मग भिंती आल्या, खिडक्यांना पडदे आले, दोरीवर वाळणारी लंगोटी-झबली आली. पंपवाल्याचं लग्न झालं आणि माझ्या खांबांमधल्या खोलीत त्याला लेक झाली. तीच आमची ताई. बायको लवकर गेली, लेक बापाच्या मागे मागे पंपावर मोठी झाली. दोन्ही हात वंगणाने काळे असलेली पोर मी तिच्याआधी पाहिली नव्हती.

पुढे इंजिनं डिझेलची झाली. त्यांना माझी तहान लागेना. त्याच्याही पुढे रेल्वेने चार मैलांवरून नवा सरळ मार्ग काढला आणि जुना सोडून दिला. गाड्या गेल्या, पंपवाल्याची नोकरी संपली, रुळांवर गवत आलं. वस्ती मात्र उठली नाही, कारण पाणी होतं. ताई पंप चालवत राहिली. पाळीपाळीने प्रत्येक घराने डिझेलची एक बाटली आणून द्यायची आणि तिने पंप फिरवायचा, अशी रीत पडली. बाटली द्यायच्या दिवशी माणसं कशी गावाला जायची, ते मी वरून पाहिलं आहे. कामापुरता मामा हा शब्द कुणी काढला ठाऊक नाही, पण तो माझ्याखाली काही दिवस राहिलेला असणार.

आता त्यांची ती खोड सांगते, जिच्यापायी मला ही शिसारी बसली. साइडिंगवर जन्मलेल्या माणसालाही तुम्ही कुठले, असं विचारलं, की तो आपल्या आजोबांच्या गावाचं नाव सांगायचा. साइडिंगचे म्हणवून घेणं म्हणजे वाटेत सांडलेले म्हणवून घेणं, असं त्यांना वाटे. टेलरकाकांचं मूळ गाव नदीकाठी, तिथली बाजारपेठ मोठी. गिरणीवाल्याचं गाव डोंगरात, तिथली हवा औषधी. त्याने ते गाव जन्मात पाहिलेलं नव्हतं. दुरून डोंगर साजरे म्हणतात, याला तर तो दुरूनही दिसला नव्हता. त्या गावांची नावं मी तुम्हाला सांगणार नाही, ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत.

आणि एक दिवस पत्र आलं. रेल्वे आपलं सोडलेलं सामान उचलणार होती: रूळ, पंप आणि मी. मला गॅसने कापून भंगारात न्यायचं ठरलं होतं. फक्त एक वाट होती. ही जागा खरोखरीचं गाव आहे असं सरकारी कचेरीने लिहून दिलं, तर टाकी आणि पंप गावाला मिळणार होते. गाव ठरायला दोनशे कायम रहिवासी हवेत. अमुक दिवशी कारकून येऊन मोजणी करील.

सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. दुसरी विहीर अडीच मैलांवर, आणि तीही खारट. माझ्याखाली सभा भरली. गिरणीवाला उभा राहिला. त्याला सगळे अध्यक्ष म्हणत, कशाचा अध्यक्ष ते त्यालाही माहीत नव्हतं. त्याच्या म्हणण्याप्रमाणे कारकुनाला गाव गावासारखं दिसलं पाहिजे. मग काय, कमान उभी केली. रस्त्याच्या कडेच्या दगडांना चुना फासला. मला निळा रंग दिला, पण फक्त रस्त्याकडून दिसणाऱ्या बाजूला. उरलेल्या तीन बाजूंचा गंज तसाच. कारकुनाला कुणाच्या घरची खुर्ची द्यायची यावरून दोन शेजारणी तीन दिवस बोलत नव्हत्या. ताईने एकदा विचारलं की तो विचारणार काय आहे, ते कुणी कचेरीत जाऊन पाहून आलं आहे का. अध्यक्ष तिला म्हणाला की तू पंपाचं बघ.

मोजणीच्या दिवशी कारकून सायकलवरून आला. बारीकसा, घामेजलेला, नाकावर घसरणारा चष्मा. त्याने कमानीकडे पाहिलंही नाही. माझ्या सावलीत बसला, कागद काढले आणि एकेकाला बोलावू लागला. नाव, वय, धंदा. चौथा प्रश्न होता, तुमचं गाव कोणतं?

टेलरकाका पहिले होते. त्यांनी छाती पुढे काढली आणि नदीकाठच्या गावाचं नाव सांगितलं. बाजारपेठेचंही सांगितलं. कारकुनाने नाव लिहून घेतलं. मग टेलरकाकूंनी माहेरचं सांगितलं. चहावालीने सांगितलं, केस कापणाऱ्याने सांगितलं, सायकल दुरुस्तीवाल्याने तर दोन सांगितली, एक आईकडचं आणि एक बापाकडचं. मी वरून ऐकत होते. ओरडायला मला तोंड असतं तर किती बरं झालं असतं. सरकारी माणूस समोर बसलेला, हातात टाक, आणि ही माणसं आयुष्यभराची बढाई त्याच्यापुढे ओळीने मांडत होती. अध्यक्ष शेवटी आला.

"साहेब, आमचं मूळ गाव वर डोंगरात," तो म्हणाला. "इथे आपलं धंद्यापुरतं."

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. कारकून बिचारा सरळ होता. जो जे बोलला ते त्याने लिहिलं.

ताई पंपावरून हात पुसत आली, आणि तिने सांगितलं की ती इथलीच. कारकुनाने चष्मा वर सारला आणि मूळ गाव विचारलं.

"तेही हेच. या टाकीखालच्या खोलीत जन्मले मी."

मग तो खाटेवर बसलेल्या पंपवाल्याकडे वळला. तो आता म्हातारा झाला होता, पाय सुजलेले, पण कान तल्लख.

"मी बाहेरचा," तो म्हणाला. "बदलीवर आलोय."

ताईने बापाकडे पाहिलं. शेहेचाळीस वर्षं त्याने मला पाणी पाजलं होतं आणि मी त्याच्या हातातल्या प्रत्येक पान्याचा आवाज ओळखत होते. ती पंपाकडे परत गेली. मी इतरांवर चिडले होते, त्याच्यावर चिडता येईना. मग मला माझीही किळस आली. मला कुणी विचारलं असतं, तर मीही ऐटीत त्या कारखान्याचंच नाव सांगितलं असतं, जिथे मी जेमतेम पंधरवडा होते.

महिन्याभरात उत्तर आलं. हजर माणसं दोनशे सहा, कायम रहिवासी एक. सबब सदर ठिकाण गाव नसून रेल्वेची जुनी साइडिंग आहे. हरकत असल्यास सर्वांनी सहीनिशी अर्ज करावा, म्हणजे एकदाच फेरमोजणी होईल. मुदत पंधरा दिवस.

तुम्हाला वाटेल, आता तरी यांना लाज वाटली असेल. छे. सगळे मिळून कारकुनाला शिव्या देऊ लागले. त्याला कळायला नको का, लिहायचं काय आणि सोडायचं काय. अर्जावर सही करायला सांगितलं, तर जो तो आधी दुसऱ्याने करावी म्हणे, कारण सही करायची म्हणजे आपण साइडिंगचे असं लेखी कबूल करायचं. टेलरकाका तर म्हणाले की आम्हाला काय कमी, आमचं गाव आहे. शिलाई मशीन गाडीत घालून घरातल्या पाच जणांना घेऊन ते खरोखरच निघून गेले. तिथे चुलतभावाने त्यांना गुरांच्या गोठ्याला लागून जागा दिली. पुढे कळलं की त्या गावात सगळे त्यांना साइडिंगवाले म्हणतात.

मुदतीचे सहा दिवस उरले तेव्हा ताईने सकाळी पंप लावला नाही. घागरी, बादल्या, डबे घेऊन रांग लागली. ताई नळाच्या चावीवर हात ठेवून बसली होती. पहिली चहावाली आली. ताईने तिला विचारलं, "कुठल्या?"

चहावाली हसली. ताई हसली नाही. चहावालीने सवयीने आपलं ते नाव सांगितलं.

"मग पाणी तिथलं भरा," ताई म्हणाली.

रांगेत गडबड झाली. कुणी तिला उद्धट म्हणालं, कुणी बापाच्या जीवावर शिरजोर म्हणालं. एक जण म्हणाला की पाणी काय तिच्या मालकीचं आहे. ताईचं म्हणणं एवढंच होतं, की पाणी इथल्या लोकांचं आहे, आणि इथलं कोण ते सांगा, लगेच सोडते. अर्ध्या तासाने चहावाली परत आली. चूल पेटलेली, आधण नाही. ती इकडेतिकडे बघून पुटपुटली की मी इथलीच बाई. ताईने अर्ज पुढे केला, तिने अंगठा उमटवला आणि घागर भरली. मग धरण फुटल्यासारखं झालं. इथला, इथली, इथलेच आम्ही पहिल्यापासून. सकाळी आठ वाजता ज्यांना चार पिढ्यांचं गाव होतं, त्यांना साडेबाराला ते आठवत नव्हतं. उचलली जीभ लावली टाळ्याला. मला त्यांच्या पहिल्या उत्तराची जेवढी घृणा वाटली होती, तेवढीच या दुसऱ्याची वाटली. अध्यक्ष दुपारपर्यंत तग धरून होता. पण गिरणीचं इंजिन गार ठेवायला पाणी लागतं. ते तापून बंद पडलं तेव्हा तो आला आणि इतक्या खालच्या आवाजात बोलला, की ताईने त्याला पुन्हा बोलायला लावलं.

बाबांना तिने काही विचारलं नाही. रोजच्यासारखा पेला भरून त्यांच्या हातात दिला.

फेरमोजणीला तोच कारकून आला. या वेळी सगळी उत्तरं एकसारखी होती आणि तो खाली मान घालून लिहीत होता. टेलरकडचे सहा गेल्यामुळे वस्तीत नेमकी दोनशे माणसं उरली होती. एकशे नव्व्याण्णव नावं लिहून झाली. ही बेरीज सगळ्यांनीच मनात केली होती, म्हणून सगळे पंपवाल्याच्या खाटेभोवती गोळा झाले. अध्यक्ष त्याच्या कानाशी वाकून काही सांगायला लागला, तसं ताईने त्याला दंड धरून बाजूला केलं. बाबांना जे बोलायचं ते बोलू द्या, असं ती म्हणाली. ते नाही म्हणाले तर मी भंगारात जाणार, पाणी जाणार, आणि ती खोलीही जाणार, हे तिला सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं.

म्हाताऱ्याने आपले सुजलेले पाय खाटेवरून खाली घेतले.

"साहेब, मागच्या खेपेला मी अर्धंच सांगितलं," तो म्हणाला. "बारा वर्षांपूर्वी भाऊ वारला, तेव्हा मी गावी गेलो होतो. दारात एक सून उभी होती. ती मला ओळखत नव्हती. तिने विचारलं, तुम्ही कुठले? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, साइडिंगचा. सख्ख्या भावाच्या दारात उभा राहून. तिने मला बाहेर बसवलं आणि पाहुण्याला देतात तसं पाणी दिलं. मला ते गिळवेना. घरी येऊन मी कुणाला सांगितलं नाही. लेकीलाही नाही."

कारकुनाने टाक उचलला.

"मग काय लिहू, बाबा?"

"साइडिंग लिहा."

"कायम?"

"आता माझी बदली कोण करणार?" म्हातारा म्हणाला.

कारकुनाने लिहिलं आणि सुकायला कागदावर फुंकर घातली. ताई पंपाशी गेली आणि एक स्वच्छ पाना फडक्याने पुसत राहिली, पुसत राहिली. तिचे खांदे हलत होते. माझ्या एवढ्या आयुष्यात खाली माणसं आहेत याचा मला आनंद झाला, असे क्षण फार थोडे आहेत. त्यातला हा एक.

गाव झालं, मित्रांनो. कागद आला, त्यावर शिक्का आहे. मी आणि पंप आता गावाचे आहोत. इथे गोष्ट संपवली असती तर तुम्ही टाळ्या वाजवून घरी गेला असता. पण परवाचीच गोष्ट सांगते. अध्यक्षाकडे व्याही आले होते. अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या, हातात माझ्याच पाण्याचे पेले होते. व्याह्यांनी सहज विचारलं की तुम्ही मूळचे इथलेच का. अध्यक्षाने एक मोठा घोट घेतला आणि म्हणाला, छे हो, आमचं मूळ गाव वर डोंगरात. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी माणसं मी ऐकून होते, हा तर वासे मोजून घरच दुसऱ्याचं म्हणत होता. मला ओकारी आली. टाक्यांना ओकता येत नाही, फक्त ओसंडता येतं.

तुम्ही अजून लहान आहात, म्हणून तुम्हाला सांगते, मोठ्यांना सांगून मी दमले. टाक्यांची झाकणं लावत चला. गंज दिसला तर चारही बाजूंनी खरवडा, रस्त्याकडची बाजू तेवढी रंगवू नका. जी जागा तुम्हाला पाणी देते, ती लहान असो, आडबाजूला असो, दुसऱ्याला वाट देण्यासाठी केलेली असो, तिची लाज धरू नका. आणि कुणी तुम्हाला गाव कोणतं म्हणून विचारलं, तर आधी तोंडातला घोट गिळा आणि मग उत्तर द्या.